अकरा एप्रिलचं लक्ष्मीपूजन

मी एक जुनं कार्ड आहे. वाढदिवसाचं नाही आणि लग्नाचंही नाही. विम्याच्या पत्राला खाली जोडलेलं असतं ना, फाडायचं, भरायचं आणि तिकीट न लावता पेटीत टाकायचं, ते. मित्रांनो, अमेरिकेत तुमच्या घरी असली पत्रं रोज येतात आणि पेटीतून थेट कचऱ्यात जातात. माझ्या नऊशे नव्वद भावंडांचं तेच झालं. मला वाटायचं, बिचारी वाया गेली. आता वाटतं, सुटली एकदाची. मी भरला गेलो, परत गेलो आणि पुढचे सात महिने माझे जे हाल झाले ते कोणाच्या वाट्याला येऊ नयेत.

माझा जन्म टेक्सासमधल्या एका छापखान्यात झाला. मला छापायचे पैसे दिले इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या सीमा खानापूरकरने. सीमा विमा एजंट. नोकरी सोडून या धंद्यात पडलेली, चिकाटीची, पण जरा घाईची. या धंद्यात गिऱ्हाइकाच्या नाव-पत्त्याला 'लीड' म्हणतात आणि ती विकत घ्यावी लागते. एजंट हजार पत्रांचे पैसे आधीच मोजतो. पाचशेच्या आसपास डॉलर. मग हजारातून दहा कार्डं परत येवोत नाहीतर एकही न येवो, छापखान्याला त्याचं सोयरसुतक नसतं. सीमाने वर थोडे जास्त देऊन पत्राखाली स्वतःचं नाव छापून घेतलं. साठ ते ऐंशी वयाच्या लोकांना पत्रं गेली. तिच्या त्या छापलेल्या नावापायीच पुढचं सगळं घडलं.

मी पोचलो उल्हास चौबळकाकांच्या हातात. सीमाच्या घरापासून चार सिग्नलवर हो! उल्हासकाका मूळचे नागपूरचे, पस्तीस वर्षं वीज मंडळात हेडक्लार्क. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन मुलीकडे, इशिताकडे राहायला आले. इशिता आयटीत, एकटीच्या जोरावर घर चालवणारी. तिची मुलगी रुही दहावीत. मी गेलो तेव्हा शैलजाकाकूंना जाऊन वर्ष झालं होतं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला उलटसुलट करून पाहिलं.

"अरे, हे तर आपलं जोडकार्ड," ते म्हणाले. "आणि बाई खानापूरकर. म्हणजे घरचीच."

मग त्यांनी मला भरलं. नाव, गाव, फोन इंग्रजीत, वळणदार अक्षरात. जन्मतारखेच्या चौकटीत लिहिलं ४/११/१९४५. आणि खाली 'शेरा' म्हणून दोन बोटं जागा होती तिथे, बाई घरचीच म्हणून, चक्क मराठीत लिहायला घेतलं. जागा संपली तरी थांबले नाहीत, कडेकडेने वर चढत गेले.

"सीमाताई, माझा जन्म लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचा. ऐंशी पुरी व्हायच्या आत हे काम व्हावं. दुपारी चारला चहाला या, तेव्हा मुलगी तिच्या खोलीत मीटिंगमध्ये असते. तिला कळू देऊ नका. तिच्या आईचं सगळं तिने एकटीने केलं, स्वतःच्या घरासाठी साठवलेलं मोडून. माझ्या वेळी तिला काही मोडावं लागू नये."

एवढंच हवं होतं हो त्या माणसाला. अंत्यविधीपुरता छोटा विमा. त्या योजनेत ऐंशी पूर्ण झालेल्याला घेत नव्हते आणि काकांच्या हातात अजून सात महिने होते. सात महिन्यांत चार सिग्नल ओलांडायला काय लागतं? पण नाही.

मी टेक्सासला परतलो. तिथे एका माणसाने मला काचेवर उपडा टाकला आणि माझी एक ओळ केली. मित्रांनो, तुम्हाला कोणी एका ओळीत बसवलं तर कसं वाटेल? नाव, गाव, फोन, वय. मराठी मजकुरापाशी तो क्षणभर थांबला. त्याला वाटलं, पेन चालतंय का ते म्हाताऱ्याने गिरवून पाहिलंय. ते त्याने सोडून दिलं. आणि तारीख? या देशात आधी महिना, मग दिवस. त्याने खुशाल टाइप केलं: अकरा एप्रिल. अहो, एप्रिलमध्ये लक्ष्मीपूजन असतं का कुठे? पण ते त्याला कोण सांगणार, मी तर उपडा पडलेलो.

ओळ सीमाकडे गेली पंधरा एप्रिलला. मी मात्र तिकडेच एका खोक्यात. पुढचं हे सगळं मला नंतर तिच्या आणि काकांच्या तोंडून कळलं. तिने वय पाहिलं, ऐंशी वर्षं चार दिवस, आणि कपाळावर हात मारला. "चार दिवसांनी गेला यार," म्हणाली. छापखान्याचा नियम होता की अपात्र माणसाची लीड परत करता येते आणि बदली लीड मिळते. तिने माझी ओळ परत केली, बदली घेतली. एक फोनसुद्धा केला नाही. नावात 'चौबळ' दिसत होतं, गाव दिसत होतं, तरी एक फोन करावासा वाटला नाही बाईला. माझा राग तिच्यावर जितका आहे तितका त्या टेक्सासवाल्यावर नाही, कारण त्याला मराठी येत नव्हतं.

आता गंमत बघा. ताजी लीड भाजीसारखी महाग असते आणि ती एकालाच विकतात. तीन महिने झाले की ती शिळी. मग तीच ओळ निम्म्या किमतीत तिघांना विकतात, आणखी शिळी झाली की चिल्लर घेऊन ज्याला हवी त्याला. माझी ओळ अशी दारोदार फिरली. अल्फारेटाच्या शैलेंद्र नावाच्या एजंटने घेतली, आणखी कोणी कोणी घेतली. सगळ्यांच्या कागदावर काका ऐंशीच्या वर, म्हणून सगळे त्यांना दुसरीच तिप्पट महाग योजना गळ्यात मारायला बघायचे.

"सर, तुम्ही ऐंशी वर्षांचे आहात," पलीकडून इंग्रजीत सुरू व्हायचं.

"आय ॲम सेव्हन्टी नाइन," काका म्हणायचे.

"सर, आमच्या रेकॉर्डला ऐंशी आहे."

"रेकॉर्ड तुमचं असेल, जन्म माझा आहे!" हे काका मराठीत म्हणायचे आणि फोन ठेवायचे. दिवसाला पाच फोन, सहा फोन. त्यातला एकही त्यांच्या सीमाताईचा नाही. तरी दुपारी चारला ते दोन कप चहा टाकायचे. दुसरा मग स्वतःच प्यायचे.

शेवटी इशिता वैतागली. "बाबा, तुम्ही कुठेकुठे नंबर देऊन ठेवता? उद्या कोणी तुमचं अकाउंट साफ करेल." काकांनी चहाचे कप विसळायला घेतले. खरं सांगितलं तर कार्ड कशासाठी भरलं तेही सांगावं लागलं असतं. तिने त्यांच्या फोनमध्ये अनोळखी नंबरांची घंटी बंद करून टाकली आणि पत्रपेटीची किल्लीही स्वतःकडे घेतली. झालं. आता सीमाला उपरती होऊन तिने फोन केला असता, तरी तो वाजला नसता. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी खोक्यात नुसता चरफडत होतो. कार्डाला दुसरं काय करता येतं?

ऑक्टोबरच्या अखेरीस छापखान्याने गोदाम रिकामं करायला घेतलं. इलिनॉयची जुनी कार्डं खोक्यासकट मातीमोलाने विकायला काढली आणि नवीन हजार पत्रांचे पैसे हाताशी नसल्यामुळे ते खोकं घेतलं कोणी, तर सीमाने. शुक्रवारी, एकतीस तारखेला दुपारी खोकं तिच्या जेवणाच्या टेबलावर आलं.

"अगं, पैसे देऊन रद्दी कोण विकत घेतं?" तिच्या नवऱ्याने, सिद्धेशने विचारलं.

"मी," ती म्हणाली आणि कार्डं चाळू लागली.

शंभरेक इंग्रजी कार्डांमध्ये तिला एकदम 'सीमाताई' दिसलं. स्वतःचं नाव, देवनागरीत, निळ्या शाईत. तिचा हात थांबला. तिने पहिली ओळ वाचली, मग तारीख पाहिली, मग परत पहिली ओळ.

"सिद्धेश, चार अकरा म्हणजे एप्रिल नाही. नोव्हेंबर आहे हा. माझे बाबा अजून अशीच तारीख लिहितात." तिने फोन उचलला. "हा माणूस मंगळवारी ऐंशीचा होतोय. आणि मी एप्रिलमध्ये याला कचऱ्यात टाकला."

फोन लावला तर कोणी उचलेना. 'चारला चहाला या' एवढं वाचून तिने घड्याळ पाहिलं, मला पर्समध्ये कोंबलं आणि गाडी काढली. मी आत ओरडतोय, अगं बाई, पुढचं वाच, अजून चार ओळी आहेत! पण घाईचं माणूस ते, ऐकणार कुठलं.

तो हॅलोविनचा दिवस, पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात तो, म्हणून मीटिंग नव्हती. दार इशितानेच उघडलं, हातात चॉकलेटचा वाडगा. सीमाच्या मागे रांगेत दोन भुतं आणि एक पांडा.

"मी कँडीसाठी नाही आले," सीमा म्हणाली. "मी सीमा खानापूरकर. विम्याचं काम करते. उल्हासकाकांना भेटायचंय."

इशिताचा चेहरा बंद झाला. "हे बघा, जुलैपासून तुम्ही लोकांनी आमचं डोकं खाल्लंय. आता घरापर्यंत? आम्हाला काही नको. सॉरी." आणि ती दार लोटू लागली.

तेव्हा सीमाने धंद्यात शिकवलेली गोष्ट केली. दारावर कोणी नाही म्हटलं तर त्याचंच कार्ड त्याच्या हातात द्यायचं. तिने मला पर्समधून काढलं आणि इशिताच्या हातात दिलं. "त्यांनीच बोलावलंय मला. वाचा ना."

मित्रांनो, मला फाटून जावंसं वाटलं. 'तिला कळू देऊ नका' असं जिच्याबद्दल लिहिलेलं, तिच्याच हातात मला दिलं.

इशिताने वाचलं. सगळं वाचलं. कडेने वर चढत गेलेली ओळ वाचायला तिने मला आडवं केलं. मग वाडगा खाली ठेवला. भुतांनी स्वतःच्या हाताने चॉकलेटं घेतली आणि गेली.

आतून काका आले. हातात चहाचा कप, गळ्यात मफलर. त्यांनी मला ओळखलं आणि जागच्या जागी उभे राहिले.

"बाबा," इशिता म्हणाली, "आईच्या वेळी मी कधी तक्रार केली का?"

"नाही केलीस," काका म्हणाले. "म्हणूनच."

इशिता तशीच रडायला लागली, दार उघडं टाकून. रुही जिन्यावरून डोकावली. "मॉम? इज आजोबा ओके?" सीमा पायपुसण्यावर उभी होती. तिने माझ्यावरची कडेने चढलेली ओळ पाहिली आणि तेव्हा कुठे तिला कळलं की आपण पुढचं वाचलंच नव्हतं. "काका, माझं चुकलं," ती म्हणाली. "एप्रिलमध्येही, आणि आत्ताही."

"आत या," काका म्हणाले. "दुसरा कप तयार आहे. रोजच असतो."

अर्ज काकांना कागदाचाच हवा होता. टेबलाशी बसून त्यांनी नाव लिहिलं आणि जन्मतारखेच्या चौकटीत आधी चारचा आकडा टेकवणार, तेवढ्यात सीमाने त्यांचं मनगटच धरलं.

"काका, आधी महिना."

"पस्तीस वर्षं सरकारी कागदांवर तारखा घातल्या," काका म्हणाले. "कोणी हात धरला नव्हता." पण त्यांनी अकरा आधी लिहिले, मग चार. खाली सही केली. वारसाच्या रकान्यात इशिताने स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं, टाइप केल्यासारख्या सुबक अक्षरात.

मंगळवारी काका ऐंशीचे झाले. नागपूरच्या नातेवाइकांचे फोन येणार म्हणून इशिताने फोनची घंटी पुन्हा सुरू केली होती. पहिला फोन आला तो मात्र एका एजंटचा, कारण माझी ती ओळ अजूनही विकली जातेच आहे. "सर, आमच्या रेकॉर्डप्रमाणे तुम्ही ऐंशी वर्षांचे आहात," तो म्हणाला.

"येस," काका म्हणाले. "टुडे." आणि त्यांनी शिऱ्याचा घास घेतला.

मी आता त्यांच्या फ्रिजवर असतो, चुंबकाखाली. शाई फिकी पडली आहे, पाठीवर चॉकलेटचा डाग आहे. मित्रांनो, मला विकायला बरेच जण होते, विकत घ्यायलाही होते. मला पूर्ण वाचलं ते फक्त एका मुलीने, आणि तिच्यापासूनच मला लपवायचं होतं. तुम्ही मोठे व्हाल, कसल्या कसल्या कागदांवर माणसांची कामं कराल. तेव्हा एवढं करा. तारीख वाचताना लिहिणारा कुठून आलाय ते बघा. आणि कडेने वर चढत गेलेली ओळ दिसली, तर कागद आडवा धरा आणि शेवटपर्यंत वाचा.