डब्यावरचं नाव

लेक हरितानं जर्मनीहून आणलेला ‘मार्झिपान’ या बदामाच्या मिठाईचा डबा कमलाक्षीनं थोरल्या दिरांपुढे, वरुणरावांपुढे सरकवला. सांबारापासून विमानापर्यंत सगळं तंजावूरच्या मराठी राजवाड्यातच जन्मलं, हा त्यांचा हेका तिच्या डोक्यात जायचा. पुराव्याच्या नावानं बोंब!

एक वडी खाऊन त्यांनी अक्कल पाजळलीच. “आपल्या बदामवडीची चोरी! शब्दही आपलाच. पण चव? शी! गोऱ्यांनी पार वाट लावली.”

“काका, शब्द इटलीतून आला,” हरिता म्हणाली. “त्यामागचं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही. काहीजण म्हणतात, आधी ते डब्याचं नाव होतं, मग आतल्या मिठाईला चिकटलं.”

“काहीतरीच!”

कमलाक्षी हसली. “मार्झिपान कालच संपलं, भावजी. रिकाम्या डब्यात तुमच्या घरून आलेल्या, सुप्रभावहिनींच्या हातच्या बदामवड्या भरल्यात. वाट कुणी लावली, ते घरी जाऊन त्यांनाच सांगा.”