गालगुंड नव्हतं ते

आमच्या ह्यांना, म्हणजे हवालदार शिवाजी जाधवांना, खोटं बोलता येत नाही. तरी बोलले, आणि तेही लष्करात.

हे लखनऊ छावणीतल्या मुलांची स्कूलबस चालवतात. आमची जुईही त्याच बसने जाते. घोरता घोरता ह्यांचा श्वासच थांबायचा. युनिटला कळलं तर मेडिकल कॅटेगरी उतरेल, स्टिअरिंग जाईल, या धास्तीने ह्यांनी अमीनाबादच्या एका दातांच्या डॉक्टरकडून गुपचूप पट्टी बनवून घेतली. झोपताना ती दातांवर चढवली की खालचा जबडा पुढे राहतो आणि श्वास अडत नाही. महिनाभर घरात शांतता होती. मग कानांखाली दोन्ही बाजूंनी सूज यायला लागली.

सोमवारी हजेरीला सुभेदार साहेबांनी विचारलं, "जाधव, चेहरे को क्या हुआ?"

पट्टीचं नाव काढायचं नव्हतं. हे म्हणाले, "साब, गलसुआ है."

गालगुंड पसरतं, एवढंही ह्यांच्या डोक्यात आलं नाही. अर्ध्या तासात ह्यांची रवानगी लष्करी हॉस्पिटलच्या वेगळ्या खोलीत झाली. दुपारी फोन आला, "लता, कपाटात पट्टीची डबी आहे. टिफिनमध्ये चपात्यांखाली ठेवून पाठव. कुणाला दाखवू नको, हाँ."

चपात्या लाटताना मला संताप आला आणि रडूही आलं. गाडी हातात असली की हा माणूस खूश असतो, हे मला ठाऊक होतं. पण त्या गाडीत माझी पोर बसते. मी हॉस्पिटलात गेले आणि डबी सरळ तिथल्या डॉक्टर मेजर शर्मिष्ठांच्या टेबलावर ठेवली. "मॅडम, ये गलसुआ नहीं है."

त्यांनी तपासलं. पट्टी जबडा फारच पुढे ओढत होती, त्यामुळे लाळेच्या ग्रंथी सुजल्या असाव्यात, असं त्या म्हणाल्या. पट्टी नीट करून घेतली की सूज उतरेल. मात्र रात्री श्वास अडणाऱ्याला दिवसा डुलकी लागते, म्हणून झोपेची तपासणी चांगली येईपर्यंत बस बंद.

हे घरी आले ते तोंड फुगवूनच. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीठसुद्धा जुईकडे मागायचे. आपण नवऱ्याचा घात केला, हे मला आतून खात होतं.

चौथ्या दिवशी नवा ड्रायव्हर बस घेऊन आला. जुई चढली. बस वळेपर्यंत हे उभे राहिले.

"एप्रिलमध्ये सिग्नलला माझा डोळा लागला होता," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "बस भरलेली. मागून जुई म्हणाली, 'पापा, ग्रीन हो गया.' म्हणून तर पट्टी केली."

"मला नाही बोलली ती."

"मीच सांगू नको म्हटलं होतं. तेव्हापासून रोज माझ्या मागच्याच सीटवर बसायची."

जुई आठ वर्षांची आहे. मी रोज तिची वेणी घालून तिला शाळेत पाठवत होते, आणि ती बापाला जागं ठेवायला जात होती.