पिल्लासाठी घर

"पिंजरा तं शे, पोपट कोठे गया?" आमच्या ह्यांनी विचारलं, आणि पंडितभाऊंची बायको चहाच्या कपबश्या घेऊन होती तिथेच थांबली.

पांडेसऱ्यातल्या त्या खोलीच्या दाराशी पिंजरा टांगलेला होता आणि त्यात कांदे ठेवले होते. माझ्या मांडीवर कुत्रीचं पिल्लू झोपलेलं. आता चहा प्यायचा, हिला इथे ठेवायचं आणि मोकळ्या हाताने घरी जायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पण हे विचारल्याशिवाय राहतील तर शपथ. पंडितभाऊ खाली बघत म्हणाले, प्लेगच्या साली सगळी सुरत पळाली, तसे तेही पळाले. गाडीत माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती, पोपट कुठे नेणार? वाटीत दाणे भरून ठेवले होते. परत यायला महिना लागला.

हे चहा न घेताच उठले. जिना उतरताना मी म्हटलं, तेव्हा आपणही पळालोच होतो की, त्यांचं काय एवढं चुकलं? "पयाले हरकत नही," हे म्हणाले, "पिंजरानं दार तरी उघडी देनं व्हतं." पिल्लू परत माझ्या कडेवर.

हे उधन्याला लूमच्या एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, फिटर आहेत, बावीस वर्षं झाली. लूम अडला की शेठसुद्धा ह्यांची वाट बघत उभा राहतो, एवढाच काय तो मान. खात्याच्या दारात एक कुत्री असायची. ह्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी तिची. ती टेम्पोखाली गेली आणि मागे चार पिल्लं राहिली. तीन नर लोकांनी दोन दिवसांत उचलले. ही मादी, हिला कोण विचारतो? शेठ म्हणाला खात्यात नको, सुतात शिरते. म्हणून आली माझ्या उरावर.

आमचं घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. त्यातच मी व्यापाऱ्याच्या साड्यांना टिकल्या चिकटवते. पहिल्याच दिवशी ही ओल्या गोंदावरून चालली आणि पायाला टिकल्या लावून खोलीभर मिरवली. माझी धाकटी जयश्री हसून हसून लोळली. मी नाही हसले. साडी दुसऱ्याची होती. मी ह्यांना बजावलं, पंधरा दिवसांत हिचं कुठेतरी बघा.

तर हे खरंच बघायला निघाले. पिल्लू द्यायचं म्हणजे उचलून द्यायचं, एवढंच मला ठाऊक. ह्यांचं तसं नाही. पहिल्या घरी नवराबायको दोघं बारा-बारा तासांच्या पाळीला, खोलीला दिवसभर कुलूप, म्हणून नकार. दुसरं घर पोपटावरून गेलं. दिवाळीला तीन आठवडे गावाला जाता, तेव्हा हिला कोण बघेल, हा प्रश्न तर वाटेत भेटेल त्याला. खात्यातला सुकलाल एकदा म्हणाला, "सुपडूभाऊ, कुत्री देताय का लेक?" सगळे हसले. लेक देताना ह्यांनी ह्यातलं काहीच विचारलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही बमरोलीला काशिनाथच्या घरी गेलो. हाही ह्यांच्याच खात्यातला, मूळचा मराठवाड्याचा. त्याची विधवा बहीण अनुसयाबाई दिवसभर घरीच असते, गावाला जात नाही, कारण तिथे तिचं कुणी उरलेलं नाही. मागे चार हात अंगण, त्यावर पत्रा. ह्यांनी पत्रा वाकून बघितला, पाण्याचं भांडं बघितलं, जवळून गाड्या जातात का ते बघितलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. शेवटी एकदाचे हो म्हणाले, पण त्यातही मेख मारून ठेवलीच.

"आठ दिवसांनी मी येईन. हिचं काही बरं दिसलं नाही तर परत घेऊन जाईन. वाईट वाटून घ्यायचं नाही."

मला वाटलं, आता ही बाई पिल्लू आमच्या अंगावर टाकते. पण अनुसयाबाई म्हणाल्या, "या की. जित्ता जीव दिलाय तुम्ही. न बघता देणारं माणूस कसलं?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला ते झोंबलं ते झोंबलंच. बाहेर आलो तर हे खुशीत, मनासारखं झालं म्हणून विडी पेटवायला थांबलेले. माझा संताप मला आवरेना.

"कुत्रीनं घर देखाले तीन आइतवार गयात. मनी रंजनानं घर देखाले एक तरी गया का?"

रंजना माझी थोरली. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न खात्याबाहेरच्या टपरीवर, चहा पिता पिता ठरलं. ह्यांच्याबरोबर कामाला असलेला लक्ष्मण म्हणाला, बारडोलीचा मुलगा आहे, ट्रॅक्टरच्या गॅरेजात आहे, सुपारीसुद्धा खात नाही. झालं. घर बघायला जायचं ठरलं, तर त्याच रविवारी ह्यांना लूम दुरुस्तीला उघडायचे होते. पोरीची पत्रं सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला यायची. मग जावयाच्या अक्षरात यायला लागली, मग तीही थांबली. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात; दोन अखाज्या ती आली नाही. एकदा नणंदेचं बाळंतपण आडवं आलं, एकदा म्हशीचं. चला म्हणून मी ह्यांच्या किती विनवण्या केल्या, त्या माझ्या मला ठाऊक.

"तठे आपलं काय चाली?" हे म्हणाले. "पोर दिधी, त्यासनी व्हयनी."

"कुत्री बी दिधी ना आते? तिले परत ली येसू म्हनतस ना तुमी?"

ह्यांनी विडी पेटवलीच नाही. तशीच खिशात टाकली आणि उधन्याच्या उलट्या बाजूला चालायला लागले. बारडोलीच्या बसमध्ये बसेपर्यंत मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी तोंड उघडलं नाही. उगाच बोलून माणूस फिरायचा. तासाभराच्या वाटेत हे मान वळवून उसाकडे बघत राहिले.

विहीणबाईंनी दार अर्धंच उघडलं. आगाऊ कळवलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाल्या. आतून रंजना आली. गळ्याची हाडं वर आलेली, हात कणकेत बरबटलेले. आम्हाला बघून ती रडली नाही की हसली नाही, सासूकडे बघत उभी राहिली. नुसत्या विनवण्या करत बसले, एकटी निघून आले नाही, म्हणून मी माझ्याच तोंडावर मारून घेतलं असतं.

ह्यांनी घरात पाऊल टाकलं नाही, पाणी मागितलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "रंजना, चाल बेटा."

विहीणबाई म्हणाल्या, असं कसं, मुलगा कामावर गेलाय, त्याला विचारायला नको? अखाजीला पाठवूच की.

"आते," हे म्हणाले.

रंजनाने कुठे, किती दिवस, काहीच विचारलं नाही. पिशवी घ्यायलाही आत वळली नाही. सासूच्या बाजूने अंग चोरून बाहेर आली आणि चपलेत पाय घातले. मी म्हटलं, बाई, हात तरी धुऊन घे.

"घर जाईसन धोसू," ती म्हणाली, आणि आमच्याआधी रस्त्याला लागली.