सातव्या बंदराचं पुस्तक

मालवणातल्या बर्फाच्या कारखान्याचं ऑफिस रविवारी बंद असतं, असं दारावरची पाटी सांगते. पाटीवर विश्वास ठेवू नये. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की चार माणसं तिथं जमतात आणि संध्याकाळपर्यंत जहाजं बुडवतात.

त्यांचा म्होरक्या सत्यवान. आठवडाभर तो त्याच टेबलावर बर्फाच्या लाद्यांचा हिशेब लिहितो. हिशेबनिसाला कल्पनाशक्ती नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला रविवारी बघावं. खेळाचं नाव 'सात बंदरं'. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आपण काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा झैद यात फिरंगी गोलंदाज असतो, कारण त्याला ओरडायला कारण लागतं. रक्त तपासायच्या लॅबमधली संचिता चोर असते. "आठवडोभर लोकांचा रगात काढून हिचा पोट भरूक नाय," असं झैद म्हणतो. आणि अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या सुभद्राकाकी असतात विसाजी तांडेल, होडीचा कप्तान. मिशाळ, शिवराळ, वल्ह्यानं मगर मारलेला. चाळीस वर्षं पोरांसमोर गिळलेल्या शिव्या काकी रविवारी एकेक करून वापरात आणतात.

खेळाआधी गाऱ्हाणं होतं. हे खेळाच्या छापील पुस्तकात नाही, ही मालवणची भर. सत्यवान हात जोडून उभा राहतो.

"बा फाशांच्या देवा म्हाराजा, ह्या झैदाची तोफ आज तरी दुसऱ्याच्या होडयेक लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणतात. झैद सगळ्यांत मोठ्यानं.

एकानं बोलायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. गाव देवाशी असंच बोलतं, मग फाशांशी वेगळं कशाला बोलेल?

पुण्याची एक प्रकाशनसंस्था या खेळाची पुस्तकं काढते. बंदरागणिक एक. पहिली तीन वेळेवर आली. चौथं उशिरा आलं, आणि आलं तेही आजारातून उठल्यासारखं सडपातळ. नंतर प्रकाशकांच्या फेसबुक पानावर 'पाचव्या बंदराचं काम जोरात सुरू' असं आलं, मग 'लवकरच', मग नुसत्याच गणपतीच्या शुभेच्छा. सत्यवानाला ही भाषा ओळखीची होती. उद्या बर्फ न्यायला येतो म्हणणारे ट्रॉलरवाले असंच बोलत बोलत दिसेनासे होतात.

झैद आणि संचिताचं फारसं अडत नव्हतं. तोफ कुठल्याही बंदरात उडते, चोरीही कुठंही होते. अडलं होतं ते काकींचं.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आहे. समुद्रावरून न परतलेल्या सगळ्या होड्या सातव्या बंदरात आहेत. त्यांचं काय झालं ते सातव्या पुस्तकात कळेल. ते वाक्य काकींनी सत्यवानाकडून दोनदा वाचून घेतलं होतं. त्यांचा नवरा, बाबली, बावीस वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो गेलाच. होडी आली नाही, फळीही आली नाही. काकींनी मंगळसूत्र काढलं नाही, पण दारी येणाऱ्या प्रत्येक पावलाला मान वर करायचंही सोडलं. गावानं पहिली काही वर्षं यावर मतं दिली, मग गावालाही दुसरी कामं निघाली. खेळात इतर लोक खजिन्यामागे धावत. विसाजी तांडेल प्रत्येक धक्क्यावर उतरून एकच विचारी, "सातव्या बंदराक वाट खंयसून जाता रे?"

यंदा मे महिन्यात प्रकाशनसंस्थेची संपादक भक्ती कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथीची जुनी चित्रं बघायला आली. विजयदुर्ग, नांदगाव, वेंगुर्ला, जिथं जिथं हा खेळ चालतो तिथून सत्यवानाला एकच निरोप आला, "तूच बोल रे आमच्या वतीन." सत्यवान इस्त्रीचा शर्ट घालून, मालवणी खाज्याची पुडी घेऊन कुडाळच्या हॉटेलात गेला. बाहेरच्या माणसासमोर त्याचं मराठी आपोआप ऑफिसातलं होतं.

"इकडे किती जण खेळतात हो?" भक्तीनं विचारलं.

सत्यवानाची मान ताठ झाली. "विजयदुर्गला दोन टेबलं आहेत. नांदगावला स्टेशनजवळ एक. वेंगुर्ला, देवगड, आम्ही. साठ-सत्तर माणसं सहज."

भक्तीनं कप खाली ठेवला. "गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांना विचारलं होतं, पुढची पुस्तकं कोणाकोणाला हवीत. ऑनलाइन. सिंधुदुर्गातून एक उत्तर आलं."

"माझंच ते! 'आम्हा सर्वांना हवीत' असं लिहिलं होतं मी. सर्वांच्या वतीनं."

"दादा, ते माणसानं वाचलं नाही. मशीननं मोजलं. एक."

सत्यवान हसला, कारण त्याला अजून समजलं नव्हतं.

"आणि पुस्तकं किती घेतलीत तुम्ही?"

"एकच घेतो. जिल्हाभर फिरतं ते. खाकी कव्हर घालतो मी. तीन वर्षं झाली, एक पान दुमडलेलं दाखवा!"

हे त्यानं अभिमानानं सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याला आपला आवाज ऐकू आला. जन्मभर बेरजा केलेला माणूस. साठ माणसांची बेरीज त्यानं स्वतःच्या हातानं एक करून पाठवली होती.

"मी आजच सांगतो सगळ्यांना," तो घाईघाईनं म्हणाला. "प्रत्येकानं आपापलं उत्तर पाठवायचं. पुस्तकंही घ्यायची."

"पाठवा. मी पुढे ठेवीन." भक्ती खाज्याचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. "पण खरं सांगू? बंद केलं असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. चालू आहे असंही म्हणणार नाही. मी विचारलं की म्हणतात, बघू. मलाही त्यापलीकडे माहीत नाही."

"निदान एवढं सांगा मॅडम. सातव्या बंदरात काय आहे? आमच्या एका काकींना हवंय. मी कुठं बोलणार नाही."

भक्तीनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. "ते लिहिलेलंच नाही, दादा. पहिलं पुस्तक संपवताना लेखकाला वाक्य सुचलं. आम्हाला आवडलं. पुढचं पुढे बघू म्हणालो."

परतीच्या एसटीत सत्यवानानं मनाशी ठरवलं, की प्रकाशकाला जमत नसेल तर आपण आहोत. आठवडाभर लाद्या मोजता मोजता त्यानं सातवं बंदर बांधलं. शांत खाडी, माडांची रांग, धक्क्याला लागलेल्या जुन्या होड्या, आणि कुणाचंही वय वाढलेलं नाही.

रविवारी त्यानं आधी कुडाळची हकिगत सांगितली.

"म्हणजे आमी सगळे मिळान एक?" झैद म्हणाला. "मेल्या सत्यवाना, तू आमची शिरगणती केलंस की श्राद्ध?"

"तूच सांगलंस ना तेका, तूच कळव म्हणान," संचितानं त्याला गप्प केलं. "आमी सगळ्यांनीच सांगला."

पुस्तक येणार की नाही, एवढंच काकींनी विचारलं. सत्यवान म्हणाला, "बघुया म्हणतत," आणि गडबडीनं गोष्टीला हात घातला.

त्यानं धुकं आणलं. धुक्यातून विसाजी तांडेलाची होडी पुढे सरकली. मग धुकं विरलं, आणि समोर खाडी, माड, धक्का. झैद तोफ विसरला. सत्यवान इतकं चांगलं आजवर कधीच बोलला नव्हता. धक्क्यावर एक माणूस पाठमोरा बसून जाळं विणत होता. होडीची चाहूल लागली तशी त्यानं मान वळवायला घेतली...

"थांब," काकी म्हणाल्या.

सत्यवान थांबला.

"ह्या पुस्तकात आसा?"

हो म्हणायला त्याला काहीच लागलं नसतं. खाकी कव्हर त्याच्याच हाताखाली होतं. पण काकींनी ज्या नजरेनं चाळीस वर्षं पोरांच्या खोट्या पोटदुख्या ओळखल्या, तीच आता त्याच्यावर होती.

"नाय, काकी. माझा आसा."

"मगे नको."

"कित्या गो काकी? बरा तर सांगी होतो," झैद न राहवून म्हणाला.

"बराच सांगता तो. म्हणानच नको." काकींनी पदर सारखा केला. "बावीस वर्सा झाली, माका सगळे बराच सांगतत. सासू सांगी, खंय तरी लागलो आसतलो. बामण सांगी, दक्षिणेक आसा. पोलीस सांगी, येतलो. सगळ्यांचो माझ्यार जीव. तुझोय आसा, सत्यवाना. पण जेका माझी वळख नाय, माझी दया नाय, तेणी लिवलेला माका वाचूचा होता. बरा आसांदे, वायट आसांदे."

सत्यवानाला सांगता आलं नाही, की तसं कुणी लिहिलेलंच नाही. ते मात्र त्यानं गिळलं. जमेच्या बाजूला मांडावं की खर्चाच्या, हे त्याला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि पुढेही नाही.

"मगे तांडेल काय करता?" त्यानं हळूच विचारलं. खेळात ते विचारावंच लागतं.

काकींनी थोडा विचार केला. "धक्क्याक लागना नाय. हयसरच नांगर टाकता, खाडीच्या तोंडार. संचिताक तुझ्या होडयेत घे, झैदा. तुमी फुडे जावा."

"आणि तू?" झैदनं विचारलं.

"पुस्तक येयसर बसतंय."

उत्तरं पाठवली सगळ्यांनी, आपापली, वेगवेगळी. विजयदुर्गच्या मास्तरांनी तर बायकोच्या नावानंही पाठवलं. पुण्याहून भक्तीचा निरोप आला, 'पुढे ठेवलंय, बघू म्हणाले.' पावसाळा सरत आला. गणपतीच्या शुभेच्छा आल्या.

काकी अजून दर रविवारी येतात, उकडलेल्या शेंगा घेऊन. झैदची तोफ उडते, संचिता कुठल्याशा सुभेदाराचा मुकुट लांबवते, आणि त्यांची पाळी संपली की सत्यवान काकींकडे वळतो. तांडेल काय करता? नांगरार आसा, काकी म्हणतात. तो पुढे जातो.

परवा एकदा त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "बंदरात दिवे लागले, काकी. हयसून दिसतत."

काकी शेंग सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "लांबसून बरे दिसतत," आणि फासे झैदकडे सरकवले.