गुळाचं रक्त

मानाजीरावांच्या रक्ताला मद्रासच्या सिनेमावाल्या सगळ्या कोडंबाक्कमात तोड नव्हती. मारामारी कुणीही बसवावी, खलनायक कुणीही असावा, डोकं फुटायचं असलं की बोलावणं मानाजीरावांनाच. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. गुळाचा पाक आटवायचा, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर काजळ घालायचं. नटाला तोंडात धरायचं असतं, म्हणून गोड. तंजावरच्या मराठ्याने तलवार सोडून कढई धरली, असं सोयरे म्हणायचे. म्हणोत बापडे. त्यांच्या तलवारी तरी कुठे म्यानातून निघत होत्या!

शहाऐंशी साली व्यासराज नावाच्या दिग्दर्शकाने त्यांना एका भयपटासाठी धरलं. गोष्ट अशी की मद्रासहून प्राणिमित्रांची एक टोळी खेड्यात जाते, जत्रेतला बळी थांबवायला. शेतकरी पिसाळतात आणि कोयते घेऊन त्या मंडळींना असे कापत सुटतात की जत्रेतला बळी परवडला. शहाणं कुणीच नाही आणि शेवटी शिल्लकही कुणी नाही. मानाजीरावांना असली गोष्ट मनापासून आवडत नसे. पण नऊ मुडदे म्हणजे हाताला भरपूर काम, आणि काम आलं की माणसाची नावड गप्प बसते.

सिनेमात एक पांढरं वासरू हवं होतं. प्राणिमित्र ते पळवतात आणि गावकरी त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा गळा चिरतात, असा प्रसंग होता. तसं वासरू मिळालं वेलचेरीला, तळ्याकाठच्या भातशेतात. कृष्णवेणी नावाच्या विधवेचं ते. गाय विताना मेली होती, आणि या बाईने गूळ घातलेली भाताची कांजी पाजून ते जगवलं होतं. तिला पोर ना बाळ; जे काय होतं ते हे वेल्लै, म्हणजे तिच्या भाषेत पांढरं.

"तुम्ही लोक त्याला कापाल," ती तमिळमध्ये म्हणाली आणि वासराच्या पुढे उभी राहिली.

मानाजीरावांनी पिशवीतून बाटली काढली, बोट बुडवून चाटलं आणि बाटली तिच्यापुढे धरली. तिने भीत भीत जिभेला लावलं.

"हे तर आमचं गुळाचं पानकम् आहे," ती म्हणाली.

"कापायचं असतं तर गूळ कशाला आटवला असता, अम्मा? सिनेमात सगळं खोटं असतं."

तिला हसू आलं. "मग तुमच्या शब्दावर देते, अय्या. पण तुम्हीच आणून सोडायचं. दुसऱ्या कुणाबरोबर धाडायचं नाही."

मानाजीरावांनी शब्द दिला. तो त्यांनी मनापासून दिला होता, हे सांगितलंच पाहिजे.

चित्रीकरण एन्नोरच्या बाजूला, ताडाच्या बनात होतं. पहिल्याच दिवशी फजिती झाली. मानाजीरावांनी वासराचं अंग छान माखलं, पण दिवे लावून होईस्तोवर वासराने पोट आणि पाठ चाटूनपुसून साफ केली. गुळावर वाढलेलं पोरच ते. सगळे हसले. व्यासराज हसला नाही.

"उद्यापर्यंत न पुसणारं काहीतरी करा, मानाजीराव. नाहीतर मी खरंच कापतो. वासरं काय, गावोगाव आहेत."

संध्याकाळी मांबळमच्या घरी मानाजीराव देवघरापुढे डोकं धरून बसले. पाटावर त्यांचा मारुती होता, तंजावरहून पणजोबांनी आणलेला. पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर चोपडून त्याचे नाकडोळे कधीच बुजले होते. न पुसणारं म्हणजे आणखी काय असतं? त्यांनी शेंदराचा डबा उचलला.

त्यांची बायको सकवारबाई दारातच होत्या. "कां हो, देवाचा शेंदूर कोठें नेतां?"

"वासराला लावायला. देवाला चालतो, मग त्याला कां नाही?"

"देव चाटत नाहीं," सकवारबाई म्हणाल्या. "पावम्, बिचारें तें वासरूं आहे."

मानाजीरावांनी बायकोचं बोलणं नेहमीच्या सवयीने कानाआड केलं. शेंदूर, तेल, काजळ, आणि रंग नीट धरावा म्हणून तोच गुळाचा पाक. वासराला गूळ आवडतो, एवढं डोळ्यांनी पाहूनही हाताची सवय काही सुटली नाही.

रक्त झकास बसलं. वासराने कितीही चाटलं तरी लाल ते लालच. दोन दिवस मानाजीराव खुशीत होते. वासराचा जीव आपण वाचवला, असं त्यांनी दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते जवळ गेले. त्यांना पाहिलं की वासरू रोज हंबरायचं. आज त्याने तोंड उघडलं, मान लांब केली, पण आवाज आलाच नाही.

मानाजीरावांनी त्याचा जबडा उघडून पाहिला; जीभ लालभडक होती. त्यांची आई सांगायची की दुष्ट माणसं गवयाला विड्यातून शेंदूर खाऊ घालतात आणि त्याचा गळा जन्माचा जातो. ही गोष्ट त्यांनी स्वतः किती जणांना रंगवून सांगितली होती. कशी आठवली नाही? कुठे शेण खायला गेली होती अक्कल?

शिकेकाई, पाणी, गोणपाट, जे हाती आलं त्याने ते वासराला धुऊ लागले. वासरू दात खात होतं. मग ते गोल गोल फिरायला लागलं आणि ताडाच्या खोडाला डोकं लावून रेटत राहिलं. तोंडाला फेस आला. डोळे उघडे होते, पण दिसत काही नसावं.

"कॅमेरा चालू ठेवा," व्यासराज म्हणाला.

मानाजीराव कॅमेऱ्याला आडवे गेले, तर दोघांनी त्यांना धरून बाजूला नेलं. प्राणिमित्रांची कामं करणारे नट गळ्यावर खोट्या जखमा घेऊन उभे होते. त्यांतला एक रडत होता, पण पुढे कुणी आलं नाही. एन्नोरहून गुरांचा डॉक्टर आला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"असं मरण पडद्यावर कुणी दाखवलं नाही," व्यासराज म्हणाला.

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मानाजीरावांना वाटलं. पण त्यांचे स्वतःचेच हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी वासराचं दावं सोडलं आणि बस धरली.

दोन बस बदलून ते वेलचेरीला पोचले तेव्हा दुपार होती. कृष्णवेणी अंगणात भात पाखडत होती.

"अम्मा, वेल्लै मेलं. माझ्या हातून मेलं. रंगात विष होतं."

ती सूप थांबवून हसली. "पुरे हो, अय्या. सिनेमावाले तुम्ही. मी काय लहान आहे?"

"खरं सांगतो. आईशपथ." त्यांनी दावं पुढे केलं.

तिने ते हातात घेतलं. लाल डाग पाहिला आणि पूर्वीसारखंच जिभेला लावलं. मानाजीरावांनी झडप घालून ओढेपर्यंत तिने चाखलंही होतं.

"गोडच तर आहे," ती म्हणाली. "तुम्हीच नाही का सांगितलं?"

तिने दावं परत घेतलं, खुंटाला बांधून फास मोकळा ठेवला आणि चुलीवर वेल्लैची कांजी चढवायला आत गेली. मानाजीराव ओट्यावर बसले. त्यांनी आणखी एकदा सांगून काही होणार नव्हतं. संध्याकाळी गावची गुरं घरी येतील आणि वेल्लै येणार नाही, तेव्हा तिचं तिलाच कळणार होतं, आणि त्या वेळी तिथे कुणीतरी असायला हवं होतं.