मीठ उडून जात नाही

"बाबा, हा मासा मेला तर सांगणार आहेस, की मागच्यासारखा मी शाळेत असताना गुपचूप नवा आणून ठेवणार आहेस?"

प्रश्न खरं तर मुलीच्या मैत्रिणींचा. दोघी सोफ्यावर उशीत तोंड खुपसून बसल्या होत्या. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं त्यांनी म्हणायचा अवकाश, मुलीने हॉलच्या मधोमध उभं राहून विचारूनच टाकलं. बाबांची बादली हवेत तशीच राहिली.

ती बादली माझ्यात रिकामी व्हायची होती, म्हणून पुढचं सांगायचा हक्क माझा. मित्रांनो, मी एक जुनी माशांची टाकी आहे. एका काचवाल्याने मला घडवलं. काचा कापल्या, कडा घासल्या, सांधे चिकटवले आणि पाणी भरून मला कागदावर ठेवलं. कागद कोरडा राहिला. तेव्हा मला थोपटून तो म्हणाला, "जमलीस बरं का." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. पुढे फारसं वाट्याला आलं नाही.

बाबा दातांचे डॉक्टर. मी त्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत होते. सुजलेला गाल धरून आलेली माणसं माझ्यातले मासे बघत आणि घटकाभर दाढ विसरत. मग तिथे टीव्ही आला आणि मी घराच्या बाल्कनीत गेले. तिथे माझ्यात काय ठेवलं, ठाऊक आहे? कांदे. माशांच्या टाकीत कांदे. जाऊ दे, तो विषय नको.

मग एके दिवशी बाबांच्या डोक्यात समुद्र शिरला. मला घासूनपुसून हॉलमध्ये आणलं. खारं पाणी आलं, दगड आले, दिवा आला आणि शेवटी फुलपाखरू मासा आला. पिवळाजर्द, डोळ्यावरून काळी पट्टी, चिमट्यासारखं निमुळतं तोंड. त्याच्यामुळे मी इतकी देखणी दिसू लागले की कांद्यांना मी माफ केलं.

तो गेला. त्याच्या जागी हा दुसरा आला. हाही आता दगडामागे पंख मिटून बसलेला, काही खात नव्हता. आणि का, ते मला माहीत होतं. पण टाकीला तोंड नसतं, मित्रांनो. मला जमेल तसं मी सांगत होते. काठावर पांढरीशुभ्र मिशी वाढवून दाखवत होते. आई काय करायची? कौतुकाने फडकं घेऊन यायची आणि मिशी पुसून टाकायची. मी पुन्हा वाढवायचे, ती पुन्हा पुसायची. डोकं असतं तर मी ते भिंतीवर आपटलं असतं.

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं गं," बाबा बादली सावरत म्हणाले.

"आधीच्या माशाची पट्टी रुंद होती. मला दिसत नाही का?"

"मला वाटलं, नाही कळणार."

उशीतून फिसकन हसू आलं. मुलगी माझ्या काठावर रेलली. तिच्या बोटाला माझी मिशी लागली. तिने बोट जिभेला लावलं.

"आई, हे मीठ आहे."

"असेल. फार घाण करते ही टाकी. पुसून पुसून हात दुखले माझे."

घाण करते म्हणे. मी.

"बाबा, बादलीत काय आहे?"

"खारं पाणी. टाकीतलं कमी झालं की तेवढं घालतो. समुद्रातल्या माशाला काय गोडं पाणी घालू?"

"कमी झालेलं पाणी गेलं कुठे?"

"वाफ होऊन उडालं."

"आणि त्यातलं मीठ?"

बाबांनी बादली खाली ठेवली.

खारटपणा मोजायचा काटा ड्रॉवरमध्ये सेलोटेपखाली पडला होता. मुलीने तो पाण्यात बुडवला. काटा नीट खुणेवर थांबायला हवा होता, तो पार पलीकडे जाऊन टेकला.

"शेवटचं कधी मोजलंस?"

"मला आता अंदाज आलाय."

"आणि पेशंटना काय सांगतोस? दुखायच्या आधी दाखवायला या."

"अहो, मग आता ओता की भडाभडा गोडं पाणी," आई म्हणाली.

"एकदम नको," बाबा पुटपुटले. "त्याला झटका बसेल. रोज थोडंथोडं उतरवायचं. दुकानदाराने सांगितलं होतं. खाणंसुद्धा दगडाच्या फटीत ठेवायचं, थोडंथोडं, दिवसातून तीनचारदा. तो वेचून खाणारा मासा आहे."

"सांगितलं होतं? मग तू वरून मूठमूठ का टाकतोस?"

"मला वाटलं, तो माणूस उगाच जास्त काळजी करतो."

दुसऱ्या दिवसापासून मुलगी माझं थोडं खारं पाणी काढून तेवढंच गाळलेलं गोडं पाणी घालू लागली. रोज काटा बघायची. काचेवर टकटक करणाऱ्या मैत्रिणींच्या हातावर फटके मारायची. काटा हळूहळू खुणेकडे सरकला. एका संध्याकाळी मासा दगडामागून निघाला, फटीपाशी थबकला आणि कोळंबीचा एक कण त्याने टिपला. मग दुसरा.

"खाल्लं गं," आई कुजबुजली.

मित्रांनो, आमची काळजी घ्यायला फार प्रेम लागत नाही. ते या घरात बादलीभर होतं. लागतं ते रोज एकदा नीट बघणं. हे मी सांगतेय तोच बाबा हात चोळत म्हणाले, "चला, आता याला जोडीदार आणायला हरकत नाही. दुकानात एक निळा बघून ठेवलाय."

मला तडा जायचाच बाकी होता. पण मुलीने काटा पुसून खिशात ठेवला.

"दोघंही जरा बसा," ती आईबाबांना म्हणाली. "मी ठरवलंय. नवा मासा येणार नाही. पाणी मी घालणार आणि काटा माझ्याकडे राहणार. हा जगला तर हा एकटाच. आणि गेला, तर शाळेत फोन करून मला सांगायचं. मी रडेन. मग टाकीत कांदे ठेवा."