तळघरातला अकरावा

९ ऑगस्ट १९७८, बुधवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. पाळीवर माणसे अकरा.

अमेरिकेतल्या दक्षिण आर्कान्सातील आमच्या कारखान्यात खोल विहिरींतून खारे पाणी वर येई. त्यात क्लोरीन सोडला, की तो क्षारांतल्या ब्रोमीनला हाकलून स्वतः त्याची जागा बळकावी. मग मनोऱ्याच्या काचेआड तांबूस वाफा चढत.

त्याच दिवशी जेवताना व्हर्लन टिडवेल म्हणाला होता, "मिस्टर होबर्ट, हा तांबडा सैतान बघूनच पोट ढवळतं. तुमचा हिरवा क्लोरीन तर धड दिसतही नाही."

"न दिसणाराच जबर," मी म्हणालो. "घराणं एकच. सगळ्यात वर फ्लोरीन, त्याच्या तर वाटेलाच जाऊ नये. मग क्लोरीन, मग ब्रोमीन. जितकं खाली, तितकी रग कमी. आयोडीन तर तुझी आजी गुडघ्याला लावत असेल."

"लावायची ना! तेव्हा मी आपल्या भोंग्यापेक्षा मोठ्यानं बोंबलायचो."

सगळे हसले. व्हर्लनची ती तिसरीच पाळी होती.

दोन दहाला क्लोरीनच्या नळाचा जोड फुटला आणि भोंगा वाजला. आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने टेकाडावर धावलो. मोजले: दहा.

"व्हर्लन कुठाय?"

"तळघराकडं पळताना दिसला," फिटर ओर्व्हिल म्हणाला.

आमच्या मुलखात भोंगा ऐकला की लहान मूलही चक्रीवादळापासून वाचायला बांधलेल्या तळघरात शिरते. क्लोरीन मात्र हवेहून जवळजवळ अडीचपट जड. तो पाण्यासारखा सखल जागी उतरतो.

पाठीवर हवेचे नळकांडे, तोंडावर मुखवटा, हातात दुसरा मुखवटा आणि अमोनियाची बाटली घेऊन मी खाली गेलो. तळघराच्या पायऱ्यांवर बाटली दाबली. पांढरा धूर उठला, म्हणजे अमोनियाला क्लोरीन भिडला होता. वायू दाराशी पोचला होता. दार उघडले, तर तो आत ओतला जाणार. न उघडले, तर फटींतून झिरपत राहणार.

मी दारावर मूठ आपटली.

"वादळ गेलं का?" आतून खोकत आवाज आला.

"वादळ कसलं, गाढवा! क्लोरीन आहे!"

मग अगदी हळू, "मिस्टर होबर्ट, बॅटरीच्या उजेडात पायाशी हिरवट दिसतंय."

"दाराशी ये. डोळे मीट, श्वास रोख. मुखवटा मी चढवतो. माझा पट्टा सोडायचा नाही. आता!"

दार ओढले. अंधारातून एक हात आला आणि त्याने माझे मनगट इतके आवळले, की मुखवटा चढवायला मला एकच हात उरला.

टेकाडावर तो गुडघे टेकून ओकला. माझा स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून दोनदा मोजले.

हजेरी: अकरा.